बंदी कुठेच लिहिलेली नव्हती: विज्ञानसंस्था आणि स्त्रियांचे सभासदत्व

विचारलेला प्रश्न असा आहे: "ब्रिटिश शास्त्रज्ञ हर्था एर्टन यांचे नाव 1902 मध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी सुचवले गेले आणि त्या विवाहित आहेत म्हणून ते बाजूला ठेवले गेले, असे वाचले. मग अविवाहित स्त्रीला सभासद होता आले असते का? आणि कायद्याची आडकाठी 1919 मध्येच दूर झाली असेल, तर पहिली स्त्री निवडून यायला 1945 का उजाडावे लागले?" प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी या विषयावर प्रबंधिका लिहीत आहे, आणि आपल्याकडे या बाबतीत काय घडले, हेही तिला जाणून घ्यायचे आहे.

मी सव्वीस वर्षे विज्ञानाचा इतिहास शिकवते आहे आणि त्यातला बराच काळ जुन्या संस्थांच्या घटना, इतिवृत्ते आणि नियमावल्या वाचण्यात गेला आहे. म्हणून आधी एक गोष्ट सांगते, कारण ती लक्षात घेतली नाही तर पुढचे काहीच उलगडत नाही. लंडनच्या ज्या मोठ्या विज्ञानसंस्थांनी स्त्रियांना दीर्घकाळ बाहेर ठेवले, त्यांच्या सनदांमध्ये, म्हणजे राजाने दिलेल्या स्थापनापत्रांमध्ये, "स्त्रियांना प्रवेश नाही" असे वाक्य शोधू गेल्यास ते सापडत नाही. रॉयल सोसायटीची पहिली सनद 1662 ची. तिच्यात स्त्रियांना मनाई केलेली नाही, कारण मनाई करावी लागेल असे कोणाच्या मनातही आले नव्हते. नियम लिहिलेला असेल तर तो बदला अशी मागणी करता येते, त्यावर मत घेता येते. जो नियम लिहिलेलाच नाही, तो आधी अस्तित्वात आहे हे सिद्ध करावे लागते, आणि बहुतेक वेळा तो कागदावर येतो तो कोणीतरी दार ठोठावल्यानंतर, नकाराच्या रूपाने.

सभासदत्व म्हणजे नावापुढे लावायची दोन-तीन अक्षरे, एवढाच अर्थ घेतला तर हा सगळा खटाटोप मानापमानाचा वाटेल. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकातील संशोधकाला त्यातून रोजच्या उपयोगाच्या गोष्टी मिळत. संस्थेचे ग्रंथालय वापरता येई. सभेत बसून दुसऱ्याचा निबंध ऐकता येई, त्यावर शंका विचारता येई. सभासद नसलेल्याचा निबंध कोणातरी सभासदाने सादर करावा लागे. सभासदाला तो स्वतः पाठवता येई. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नव्या सभासदाच्या नावाला सूचक किंवा अनुमोदक म्हणून सही करण्याचा अधिकार फक्त सभासदांना होता. मेरी सॉमरव्हिल यांचा सूर्यकिरणांवरचा निबंध 1826 मध्ये रॉयल सोसायटीपुढे आला तो त्यांचे पती विल्यम यांच्या हस्ते. पुढे सोसायटीने सॉमरव्हिल यांचा संगमरवरी अर्धपुतळा आपल्या दालनात बसवला. ज्या दालनात त्यांचा पुतळा बसवला, त्या दालनातल्या सभेत सभासद म्हणून बसण्याचा हक्क त्यांना कधीच मिळाला नाही.

असाच प्रकार मानद सभासदत्वाचा. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने कॅरोलिन हर्शेल यांना 1828 मध्ये सुवर्णपदक दिले आणि 1835 मध्ये त्यांना व सॉमरव्हिल यांना मानद सभासद करून घेतले. मात्र हा मान म्हणजे नेहमीचे, मताधिकार असलेले सभासदत्व नव्हे. हा तपशील प्रबंधिकेत जरूर असावा, कारण "स्त्रियांना 1835 मध्येच प्रवेश मिळाला" असे विधान अनेक ठिकाणी बिनदिक्कत केलेले आढळते.

न लिहिलेला नियम कागदावर कसा येतो, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण हिंदुस्थानातले आहे. मद्रास वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पॉगसन यांची मुलगी एलिझाबेथ आयसिस पॉगसन 1873 पासून वेधशाळेत गणक म्हणून, म्हणजे वेधांची आकडेमोड करण्याचे, काम करत होती. पगार महिना 150 रुपये. पुढे मद्रास सरकारच्या हवामान खात्याची जबाबदारीही तिच्याकडे आली. वडिलांनी 1886 मध्ये तिचे नाव अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीसाठी सुचवले. सोसायटीने वकिलांचा सल्ला घेतला. वकिलांनी 1831 ची सनद काढून पाहिली आणि सांगितले की, सनदेत सभासदाचा उल्लेख सर्वत्र पुल्लिंगी सर्वनामाने केलेला आहे, त्यामुळे स्त्रीला सभासद करून घेणे कायद्याला धरून होणार नाही. नाव मागे घेतले गेले. तेरा वर्षे आकाशाच्या नोंदी करणारी स्त्री एका सर्वनामापाशी अडली.

मराठी वाचकाला यातली मेख पटकन समजेल, कारण आपल्या भाषेत क्रियापदालाही लिंग असते. एका जुन्या शहरी संस्थेच्या कपाटात मला सभासदत्वाचे काही छापील अर्ज पाहायला मिळाले होते. त्यावर अर्जदाराच्या नावापूर्वी "श्री." छापलेले होते आणि खाली "मी संस्थेचे नियम पाळीन, असे वचन देतो" असे वाक्य होते. एका अर्जावर कोणीतरी निळ्या शाईने "श्री." खोडून वर "सौ." लिहिले होते आणि "देतो" मधल्या "तो" चा काना खोडून त्याचे "ते" केले होते. त्या संस्थेने बाईंना सभासद करून घेतले होते, हे नोंदवहीत दिसत होते. पण अर्ज छापणाऱ्याच्या मनात सभासद कोण होता, हे त्या खाडाखोडीत जितके स्पष्ट दिसले तितके कुठल्याच ठरावात दिसले नसते.

इंग्लंडमध्ये हा सर्वनामाचा मुद्दा आधीच न्यायालयात गेलेला होता. कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश धरावा, असे पार्लमेंटने 1850 मध्ये सांगितले होते. तरीही 1868 मध्ये मताधिकाराच्या एका खटल्यात न्यायालयाने निर्णय दिला की, मतदारासाठी वापरलेल्या "पुरुष" या शब्दात स्त्रिया येत नाहीत. दंड भरायचा असेल तेव्हा "तो" मध्ये "ती" येत असे आणि हक्क मागायचा असेल तेव्हा येत नसे. पॉगसन यांच्याबाबत वकिलांनी दिलेला सल्ला याच वातावरणातला आहे.

पुढे 1892 मध्ये अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे तिघींची नावे आली आणि मतदानात त्यांना आवश्यक बहुमत मिळाले नाही. त्यांपैकी एक अ‍ॅनी रसेल. केंब्रिजमध्ये गणित शिकून ग्रिनिच वेधशाळेत महिना चार पौंडांवर गणक म्हणून काम करणारी ही तरुणी 1895 मध्ये एडवर्ड माँडर या सहकाऱ्याशी विवाहबद्ध झाली आणि विवाहित स्त्रीला सरकारी नोकरी नाही या नियमामुळे तिची नोकरी संपली. यानंतरचा प्रसंग महाराष्ट्राच्या भूमीवरचा आहे. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची एक तुकडी वऱ्हाडात तळणी येथे उतरली होती. 1890 मध्ये स्थापन झालेल्या या असोसिएशनने पहिल्या दिवसापासून स्त्रियांना सभासद करून घेतले होते, म्हणून अ‍ॅनी माँडर त्या तुकडीत होत्या. जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रास अवस्थेत त्यांनी दीड इंच भिंगाच्या स्वतःच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलातून दूरवर गेलेल्या एका लांब किरणाचे छायाचित्र टिपले. इतका लांब किरण तोपर्यंत कोणाच्याच छायाचित्रात आलेला नव्हता.

त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यात जेऊर येथे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपला तळ टाकून तेच ग्रहण टिपत होते. नायगमवाला अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सभासद होते आणि तसे आपल्या नावापुढे लिहीत. वसाहतीत राहणाऱ्या पारशी गृहस्थांना जे सभासदत्व मिळाले, ते राज्यकर्त्यांच्या देशातील, त्यांच्याच विद्यापीठात शिकलेल्या स्त्रीला मिळाले नव्हते. रॉयल सोसायटीनेही मुंबईचे जहाजबांधणीतज्ज्ञ अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांना 1841 मध्ये सभासद करून घेतले होते. यावरून त्या काळात वर्णभेद नव्हता असा निष्कर्ष कोणी काढू नये. पण वंशाची भिंत अधूनमधून एखाद्या पुरुषासाठी उघडत असे, हे या दोन नावांवरून दिसते. स्त्रियांच्या बाबतीत अपवादालाही वाव नव्हता. अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने 1915 मध्ये पुरवणी सनद मिळवली आणि जानेवारी 1916 मध्ये पहिल्या स्त्रिया निवडल्या. अ‍ॅनी माँडर त्याच वर्षी निवडून आल्या, पहिल्या नकारानंतर चोवीस वर्षांनी. आयसिस पॉगसन यांना 1920 पर्यंत थांबावे लागले. तोवर त्यांनी वेधशाळा सोडून दोन दशके उलटून गेली होती.

आता हर्था एर्टन यांच्याकडे येते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर रस्त्यावरचे मोठे दिवे विद्युत कमानीचे असत. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये विद्युतप्रवाहाची प्रखर ज्योत पेटे, पण ती मध्येच फुरफुरे, सूं-सूं आवाज करी आणि प्रकाश हलू लागे. असे का होते, याचे उत्तर एर्टन यांनी प्रयोगांतून काढले. प्रवाह वाढला की धन कांडीच्या टोकावरचा तापलेला खळगा पसरत टोकाच्या कडेबाहेर जातो, तिथे हवेतला ऑक्सिजन थेट तापलेल्या कार्बनला भिडतो आणि ज्योत सूं-सूं करू लागते. हा निबंध त्यांनी 1899 मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्समध्ये स्वतः वाचला आणि त्याच वर्षी त्या संस्थेने त्यांना आपली पहिली स्त्री सभासद म्हणून निवडले. अभियंत्यांच्या या संस्थेला ना सर्वनाम आडवे आले ना विवाह, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे, कारण ती "त्या काळी सगळीकडे असेच होते" हे समर्थन खोटे ठरवते.

रॉयल सोसायटीत मात्र 1901 मध्ये त्यांचा निबंध जॉन पेरी यांनी वाचून दाखवला आणि पुढच्या वर्षी पेरी व इतर सभासदांनी त्यांचे नाव रीतसर सुचवले. त्यांचे पती विल्यम एर्टन हे स्वतः सोसायटीचे सभासद होते. कार्यकारी मंडळाने कायदेतज्ज्ञांचे मत मागवले. त्या मताचे दोन भाग आहेत आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या भागात आहे. पहिला भाग असा की, विवाहित स्त्री सभासद होण्यास पात्र नाही. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यात विवाहानंतर पत्नीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन झाले असे मानत, आणि ज्या व्यक्तीला स्वतंत्र अस्तित्वच नाही तिला सभासद कसे करणार, असा हा युक्तिवाद. त्या आधी वीस वर्षे, 1882 च्या कायद्याने विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता बाळगण्याचा हक्क दिलेला होता. म्हणजे 1902 मध्ये एर्टन घर विकत घेऊ शकत होत्या. सभासद होऊ शकत नव्हत्या. दुसरा भाग अविवाहित स्त्रीबद्दलचा. सनदेनुसार तिची निवड करता येईल का, हे फारच शंकास्पद आहे, एवढेच कायदेतज्ज्ञांनी म्हटले. "नाही" असे त्यांनी म्हटले नाही. तरीही कोणा अविवाहित शास्त्रज्ञ स्त्रीचे नाव सुचवून ती शंका तपासून पाहावी, असे पुढची चार दशके एकाही सभासदाला वाटले नाही. म्हणून एर्टन यांना केवळ त्या विवाहित होत्या म्हणून नाकारले, हे विधान अर्धेच खरे आहे. विवाह हे हाताशी आलेले भक्कम कारण होते. ते नसते तर शंका पुरेशी ठरली असती, आणि अविवाहित स्त्रियांच्या बाबतीत ती पुरेशी ठरलीच.

जून 1904 मध्ये एर्टन यांनी रॉयल सोसायटीपुढे स्वतःचा निबंध स्वतः वाचला. असे करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. विषय होता ओहोटीनंतर किनाऱ्यावरच्या वाळूत उमटणाऱ्या लहरींचा. काचेच्या हौदात वाळू आणि पाणी घेऊन तो हौद झुलवला की तळाशी वाळूच्या ओळी कशा उठतात, हे त्या प्रयोगाने दाखवत. 1906 मध्ये सोसायटीने त्यांना ह्यूज पदक दिले. हे पदक त्यानंतर दुसऱ्या स्त्रीला मिळाले ते 2008 मध्ये. एर्टन 1923 मध्ये वारल्या. त्यांचे नाव पुन्हा कोणी सुचवले नाही.

लिनिअन सोसायटी या लंडनच्या जीवशास्त्रविषयक संस्थेची हकीकत जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण तिथे एका स्त्रीने हा न लिहिलेला नियम संस्थेला उघडपणे चर्चेला घ्यायला लावला. बिआट्रिक्स पॉटर, ज्यांना आपण पुढे मुलांच्या गोष्टींसाठी ओळखतो, त्यांचा बुरशीच्या बीजाणूंवरचा निबंध 1897 मध्ये याच सोसायटीपुढे आला होता, आणि तो जॉर्ज मासी यांनी मांडला, कारण बाईंना सभेला बसता येत नव्हते. मारियन फर्क्युहरसन या नेच्यांच्या आणि शेवाळांच्या अभ्यासक. रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीने त्यांना 1885 मध्ये सभासद केले होते, पण सभेला यायचे नाही आणि मत द्यायचे नाही या अटीवर. 1900 मध्ये त्यांनी लिनिअन आणि इतर संस्थांकडे अर्ज केला की, पात्र स्त्रियांना पूर्ण सभासदत्व मिळावे आणि सभांना बसता यावे. लिनिअनच्या मंडळाने सुरुवातीला दिलेले उत्तर वाचून आजही मन विषण्ण होते: हा अर्ज सभासदामार्फत आलेला नसल्याने त्याचा विचार करता येत नाही. ज्यांना सभासद होण्यापासून रोखले आहे, त्यांनी तक्रार करायची तर ती सभासदाच्या तोंडून करावी, असा त्याचा अर्थ. फर्क्युहरसन थांबल्या नाहीत. त्यांनी सभासदांमध्ये पाठीराखे मिळवले, पाद्री आणि प्राणिशास्त्रज्ञ असलेल्या थॉमस स्टेबिंग यांच्यासारख्यांनी आतून बाजू लढवली, आणि एप्रिल 1904 मध्ये सोसायटीला स्त्रियांना प्रवेश देणारी पुरवणी सनद मिळाली.

17 नोव्हेंबर 1904 ला मतदान झाले. सोळा स्त्रियांची नावे समोर होती. पंधरा निवडून आल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ एथेल सार्जंट आणि मार्गारेट बेन्सन त्यांत होत्या. पडलेले एकमेव नाव मारियन फर्क्युहरसन यांचे होते. त्या अखेर 1908 मध्ये निवडून आल्या, पण तोवर आजाराने इतक्या खचल्या होत्या की, सभासदांच्या नोंदवहीत सही करायला लंडनला जाऊ शकल्या नाहीत. 1912 मध्ये त्या गेल्या. मी हा प्रसंग शिकवते तेव्हा विद्यार्थी विचारतात की, त्यांच्याविरुद्ध नेमके कोणी मत दिले. गुप्त मतदानाचे हेच वैशिष्ट्य आहे. ज्याला कारण द्यायचे नसते त्याला ते द्यावे लागत नाही. चळवळीने ज्यांना अवघडल्यासारखे झाले होते, त्यांना चळवळीच्या फळाला विरोध करणे शक्य उरले नाही. चळवळ करणारीला मात्र बाहेर ठेवता आले.

रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत उलटे घडले. तिथे दार आधी उघडले आणि मग बंद केले. मंडळाने 1892 मध्ये स्त्रियांना घ्यायचे ठरवले, इझाबेला बर्ड यांच्यासह बावीस जणी निवडल्या गेल्या, आणि 1893 मध्ये सभासदांच्या विशेष सभेने तो निर्णय हाणून पाडला. बावीस जणी तेवढ्या आत राहिल्या, पुढच्यांसाठी वीस वर्षे वाट बंद झाली. विरोधाच्या अग्रभागी जॉर्ज कर्झन होते, तेच जे पुढे व्हाइसरॉय होऊन आले आणि ज्यांनी बंगालची फाळणी केली. स्त्रिया स्वभावाने आणि शिक्षणानेही शोधप्रवासाला अपात्र आहेत, असे त्यांनी तेव्हा वर्तमानपत्रात लिहिले होते. 1913 मध्ये सोसायटीचे अध्यक्ष असताना त्याच कर्झन यांनी स्त्रियांच्या प्रवेशाला पाठिंबा दिला आणि ठराव संमत झाला. पार्लमेंटमधील स्त्रियांच्या मताधिकाराला मात्र त्यांचा विरोध कायम होता. त्यामुळे त्यांचे हृदयपरिवर्तन झाले, असे मी म्हणणार नाही. संस्थेचा फायदा कशात आहे, एवढे त्यांना उमगले होते.

पॅरिसबद्दल थोडक्यात. मारी क्यूरी यांनी जानेवारी 1911 मध्ये विज्ञान अकादमीसाठी उमेदवारी केली तेव्हा त्यांच्याकडे 1903 चे नोबेल होते. त्याच वर्षाअखेरीस दुसरे मिळाले. अकादमीने अगदी थोड्या मतांच्या फरकाने एदुआर ब्रांली यांना निवडले. क्यूरी यांनी पुन्हा उमेदवारी केली नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत घडलेल्या आणि फ्रान्सियम शोधून काढणाऱ्या मार्गरित पेरे 1962 मध्ये अकादमीच्या पत्रव्यवहारी सभासद झाल्या, तर पूर्ण सभासद होणारी पहिली स्त्री, गणितज्ञ इव्होन शोके-ब्रुआ, 1979 मध्ये आली. रॉयल सोसायटीला उशीर झाला असे म्हणताना ही तारीख शेजारी ठेवावी. तसेच 1732 हे वर्षही ठेवावे, कारण त्या वर्षी बोलोन्याच्या अकादमीने लाउरा बास्सी यांना सभासद करून घेतले होते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. डिसेंबर 1919 चा कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. लिंग किंवा विवाह या कारणावरून कोणाही व्यक्तीला कोणत्याही नोंदणीकृत संस्थेत प्रवेश घेण्यास अपात्र ठरवता येणार नाही, मग ती संस्था राजसनदेने स्थापन झालेली असो वा अन्य मार्गाने, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. 1902 च्या कायदेशीर मताचे दोन्ही भाग त्या दिवशी निकालात निघाले. केमिकल सोसायटीने 1920 मध्ये स्त्रियांना घेतलेही. तिथे एकोणीस स्त्री रसायनशास्त्रज्ञांनी 1904 मध्येच अर्ज केलेला होता. पण कायद्याने अपात्रता काढली; नाव सुचवण्याची सक्ती कोणावर केली नाही. रॉयल सोसायटीत नाव आत येण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे ज्यांना उमेदवाराचे काम प्रत्यक्ष माहीत आहे अशा सभासदांच्या सह्या. स्त्रिया काम कुठे करत होत्या, हे पाहिले की उरलेला उलगडा होतो. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती 1948 मध्ये. मार्जरी स्टीफन्सन तिथे जिवाणूंच्या रसायनशास्त्राचा पाया घालत होत्या, पण आयुष्यातला मोठा काळ त्यांचा निर्वाह विद्यापीठाच्या पदावर नव्हे, तर वैद्यकीय संशोधन मंडळाच्या अनुदानावर चालला. कॅथलीन लॉन्सडेल यांनी बेंझिनचे वलय सपाट असते हे 1929 मध्ये दाखवले, त्यानंतर लहान मुले सांभाळत काही वर्षे घरातूनच गणिते केली, आणि घरकामाला मदतनीस ठेवता यावी म्हणून विल्यम ब्रॅग यांनी त्यांना अनुदान मिळवून दिले. विभागप्रमुख नाही, प्राध्यापक नाही, सभेत भेट नाही, म्हणून सहीसाठी पुढे येणारा हात नाही, अशी ही साखळी होती.

ती तुटली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. स्त्रियांची नावे आता तरी येऊ द्या, असे काही सभासदांनी आणि बाहेरच्यांनीही उघडपणे म्हणायला सुरुवात केली, लॉन्सडेल आणि स्टीफन्सन यांची नावे दाखल झाली, आणि स्त्रियाही पात्र आहेत हे स्पष्ट करणारी नियमदुरुस्ती सभासदांच्या मताने 1944 मध्ये झाली. कायद्याच्या दृष्टीने तिची गरज नव्हती; संस्थेला स्वतःच्या तोंडाने ते म्हणण्याची गरज होती. 22 मार्च 1945 ला दोघी निवडून आल्या. लॉन्सडेल शांततावादी असल्याने 1943 मध्ये त्यांनी युद्धकाळातील नागरी संरक्षणासाठी नाव नोंदवायला आणि त्याबद्दलचा दंड भरायलाही नकार दिला होता आणि महिनाभर हॉलोवेच्या तुरुंगात काढला होता. दोन वर्षांनी त्याच बाईंना रॉयल सोसायटीने सन्मानाने आत घेतले, याचे श्रेय सोसायटीला द्यायला हवे.

आपल्याकडचे चित्र निराळे आहे, कारण आपल्या अकादम्या उशिरा, 1930 च्या दशकात स्थापन झाल्या आणि त्यांना जुन्या सनदेचे सर्वनाम पुसायचे नव्हते. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1934 मध्ये स्थापन केली आणि 1935 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल तिच्या सभासद झाल्या. या नोंदीशेजारी 1933 ची दुसरी नोंद ठेवली पाहिजे. मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी आणि दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण, बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज करतात आणि संचालक असलेले रामन त्यांना मुलगी म्हणून नाकारतात. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. कमलाबाईंनी सत्याग्रह केला आणि प्रवेश मिळवला, पण अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करावे लागेल, आणि त्यांच्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. ते वर्ष त्यांनी पार पाडले, त्यांच्या कामाने रामन यांचे मत बदलले आणि पुढच्या मुलींसाठी दार उघडले. 1939 मध्ये कमलाबाईंना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. अकादमीच्या यादीत एक स्त्री दिसते म्हणून आपल्याकडे वाट मोकळी होती, असे समजणे त्यामुळे चुकीचे ठरेल. अडसर अकादमीच्या दारात नव्हता, तो आधीच्या दारात, प्रयोगशाळेच्या दारात होता. आणि जी प्रयोगशाळेत पोहोचलीच नाही तिचे नाव अकादमीपुढे यायचा प्रश्नच नव्हता.

पुढच्या नोंदी थोडक्यात. असीमा चॅटर्जी 1975 मध्ये इंडियन सायन्स काँग्रेसच्या पहिल्या स्त्री सर्वाध्यक्ष झाल्या. दिल्लीची इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी 1935 मध्ये स्थापन झाली. तिच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष चंद्रिमा शाहा यांनी 2020 मध्ये पद घेतले. मूळच्या पुण्याच्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांच्या सभासद होत्या आणि अकादम्यांमध्ये स्त्रियांची संख्या का वाढत नाही, हा प्रश्न त्यांनी अखेरपर्यंत लावून धरला. रॉयल सोसायटीने भारतात काम करणाऱ्या पहिल्या स्त्री शास्त्रज्ञ म्हणून गगनदीप कांग यांना 2019 मध्ये निवडले. मुंबईच्या अर्देशीर वाडियांपासून मोजले तर मध्ये 178 वर्षे जातात.

प्रबंधिकेसाठी एक सूचना. कोणतीही संस्था निवडा, पण फक्त पहिल्या स्त्रीच्या निवडीच्या तारखेवर थांबू नका. तिच्या आधी मागे घेतलेली, तहकूब ठेवलेली आणि पडलेली नावे इतिवृत्तात शोधा, आणि प्रत्येक नावाखाली सूचक-अनुमोदक म्हणून सह्या कोणाच्या आहेत ते लिहून काढा. पॉगसन यांच्या नावाखाली त्यांच्या वडिलांची सही आहे. एर्टन यांच्या अर्जावर पेरी आणि त्यांचे स्नेही आहेत. पहिल्या स्त्रीची सही दुसऱ्या स्त्रीच्या अर्जावर कोणत्या वर्षी आली, हे त्या संस्थेसाठी शोधून काढा; प्रबंधिकेचे पहिले प्रकरण तिथून सुरू करता येईल.